उलट्या सीटवरचे आजोबा

आमचे घरमालक गाडीत नेहमी उलटे बसायचे.

म्हणजे गाडीच्या तोंडाकडे पाठ करून, मागच्या काचेतून गेलेला रस्ता बघत. त्यांच्याकडे एक लांबलचक जुनी स्टेशन वॅगन होती. पूर्वी अमेरिकेत अशा गाड्या मिळायच्या, ज्यांची शेवटची सीट मागे तोंड करून असे. पोरं त्या सीटवर बसून मागून येणाऱ्या गाड्यांना वेडावून दाखवत. आमच्या आजोबांनी ती गाडी त्या सीटसाठीच घेतली होती, आणि पोरांसाठी नव्हे, स्वतःसाठी. त्यांची बायको गाडी चालवायची आणि हे मागे बसायचे, असं चाळीस वर्षं चाललं होतं. बायको गेली, यांच्या डोळ्यांना दिसायचं कमी झालं, आणि गाडी गराजमध्ये पडून राहिली. मग आम्ही आलो.

आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो ते आपसात. समोर मिस्टर अमुक. ते बोलायचे अर्थातच इंग्रजीत, तेही इंग्लंडमधल्या त्यांच्या मूळ गावच्या हेलात, जो इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही गेला नव्हता. पण आता आठवतात तेव्हा ते माझ्याशी मराठीतच बोलतात. त्याला माझा इलाज नाही.

अमेरिकेच्या पूर्व टोकाला, श्रूजबरीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे, वर आम्ही दोघं. नवरा सकाळी साडेसातला ऑफिसला जायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायला बंदी. मिरजेत बँकेत कॅशियर होते. इथे दिवसभर खिडकीतून समोरच्या मेपलकडे बघायचं, पोळ्या करायच्या, आणि भारतात सकाळ कधी होते याची वाट बघायची.

एकदा मी जवळच्या दुकानातून कांदे घेऊन चालत येत होते. आईनं सामानात कोंबून दिलेली नायलॉनची जाळीची पिशवी हातात होती. आजोबा पोर्चवर बसले होते. जानेवारी होता, बाहेर बर्फ, आणि हा माणूस ओव्हरकोट घालून उघड्यावर. पिशवी बघून ते मोठ्यानं हसायला लागले. हसता हसता खोकला लागला. मला वाटलं, माझ्या गावठीपणाला हसतायत. मी तोंड फिरवून जिन्याकडे निघाले, तर मागून हाक आली.

"अहो, थांबा! ती पिशवी मला जरा हातात घेऊन बघू द्या."

कांद्यांसकट पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्या गाठी चाचपत बसले.

"मी तीन वर्षं हिच्यातून उडलोय," म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे.

तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलाच्या विमानात होते. सोर्डफिश नावाचं, एकावर एक दोन पंख असलेलं विमान. सांगाडा धातूचा, वरून कापड. बसायच्या जागेला छप्पर नाही. काम काय, तर पोटाखाली अख्खा टॉर्पेडो बांधून न्यायचा, पाण्याला जवळजवळ टेकून सरळ शत्रूच्या बोटीकडे जायचं, आणि तो पाण्यात सोडून पळायचं. पळायचं म्हणजे रखडत जायचं, कारण ते विमान फार हळू होतं. टॉर्पेडो नसला तर पाणसुरुंग लावा, बाँब लावा, रॉकेटं लावा, ते काहीही न्यायचं. म्हणून सगळे त्याला स्ट्रिंगबॅग म्हणायचे. बाजारात न्यायची जाळीची पिशवी.

"बायका त्या पिशवीत काहीही कोंबतात ना, तसं," आजोबा म्हणाले. "आणि पिशवी फाटत नाही."

विमानात तिघं असत. पुढे पायलट, मधे दिशा सांगणारा, आणि शेवटी वायरलेस आणि मशीनगन सांभाळणारा, मागे तोंड करून. आजोबा शेवटचे. अठराव्या वर्षी भरती झाले आणि सगळं युद्ध त्यांनी उलटं बसून पाहिलं. "बोट केवढी होती, तिच्यावर तोफा किती होत्या, सगळं मला नंतर कळायचं," ते सांगत. "आम्ही तिच्या अंगावरून गेलो की मग ती मला दिसायची."

त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुम्हाला गाडी चालवता येते का. मी म्हटलं, लायसन्स नुकतंच मिळालंय, गाडी नाही. ते म्हणाले, माझ्याकडे गाडी आहे. अशी मी त्यांची पायलट झाले. पुढे त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. पायलटच म्हणायचे.

दर गुरुवारी आम्ही किराणा आणायला जायचो. मी पुढे, ते पार मागे, मधली सीट रिकामी. दोघांमध्ये एक रबरी नळी होती, दोन्ही टोकांना पत्र्याची नरसाळी बसवलेली. विमानात इंजिनाच्या आवाजात एकमेकांशी बोलायला तशीच नळी असायची म्हणे. बायकोच्या वेळेपासूनची होती ती. मी नरसाळं कानाशी धरायची नाही, पोलीस पकडेल म्हणून. खांद्यावर अडकवून ठेवायची. त्यातून त्यांचा आवाज यायचा, जणू कुणी विहिरीतून बोलतंय.

"पायलट, मागे निळा ट्रक. चिडलेला दिसतोय."

"मग मी काय करू?"

"काही नाही. हळू चल."

हळू चल, हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. त्यामागे त्यांची एक पक्की थिअरी होती. शत्रूच्या तोफा वेगवान विमानांसाठी लावलेल्या असायच्या. यांचं विमान इतकं सावकाश यायचं की तोफवाल्यांचा अंदाज चुकायचा, गोळे पुढे जाऊन फुटायचे. जे लागायचे ते कापडातून आरपार जायचे. "लोखंडाचं विमान असतं तर मी मेलो असतो," ते म्हणायचे. "घाई असती तरी मेलो असतो."

ही थिअरी रूट नाइनच्या हायवेवर चालत नाही. एकदा पोलिसानं आम्हाला थांबवलं, फार हळू चालवतेय म्हणून. त्यानं खिडकीतून आत पाहिलं. पुढे घामाघूम झालेली मी, खांद्यावर नळी. त्याची नजर नळीबरोबर सरकत सरकत मागे गेली. तिथे पाठमोरा, टोपी घातलेला म्हातारा.

"सर, तुम्ही ठीक आहात ना?"

आजोबांनी नरसाळ्यातून उत्तर दिलं. ते माझ्या खांद्यातून बाहेर पडलं. "उत्तम. मागे सगळं शांत आहे."

पोलिसानं फक्त समज देऊन सोडलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "यार, आपण या माणसाच्या घरात राहतो. लीज रिन्यू करायचा का, सांग." पण करायचा हे त्यालाही माहीत होतं.

घरात काही फाटलं की आजोबा त्याला विमानाच्या कापडासारखं ठिगळ लावायचे. लिननच्या कापडाचा तुकडा कापायचा, उग्र वासाचं लाखेसारखं काहीतरी फासायचं, आणि वाळल्यावर बोटानं टिचकी मारायची. ढोलकीसारखा टण्ण आवाज आला पाहिजे. खिडकीच्या जाळ्या, छत्री, सोफा, सगळ्यांवर ठिगळं. माझी विमानतळावर फाटलेली सूटकेसही त्यांनी अशीच नीट केली. अजून आहे.

त्यांची मुलगी बेलव्ह्यूला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी तिचा फोन यायचा. आजोबा तिच्याशी फक्त हवामान बोलायचे. "इथे सात डिग्री. तिथे? बरं. पाऊस? बरं." फोन ठेवला की पोर्चवर जाऊन बसायचे आणि बराच वेळ घरात यायचे नाहीत. मी वरून बघायची. खाली जावं असं वाटायचं, पण जाऊन बोलणार काय? मी तरी आईशी फोनवर काय बोलत होते? पाऊस पडला का, भाजी कुठली केलीस. त्यापुढे दोघींनाही जाववत नसे.

जूनमध्ये माझे वडील गेले.

सकाळी भावाचा फोन आला. हृदयविकाराचा झटका, काही कळायच्या आत. व्हिसाच्या एक्स्टेन्शनचे कागद तेव्हा अडकलेले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत कधी येता येईल ते कुणी सांगेना. नवरा वकिलाशी बोलला, ऑफिसमध्ये बोलला. सगळ्यांनी हेच सांगितलं. तरी मी बॅग भरत होते. मग आईच फोनवर म्हणाली, "येऊ नकोस. तू येईपर्यंत त्यांना ठेवणार नाहीत. आणि तिकडचं सगळं मोडून आलीस तर त्यांना काय बरं वाटेल?"

दुसऱ्या दिवशी, आमच्या सकाळी आणि मिरजेच्या संध्याकाळी, भावाच्या मित्रानं मोबाइल धरला आणि मी लॅपटॉपवर वडिलांना तिरडीवरून जाताना पाहिलं. चित्र सारखं थांबत होतं. एकदा थांबलं ते वडिलांच्या पायांवर. मग रेंज गेली.

नवरा शेजारी होता. त्याचा हात माझ्या पाठीवर होता हे आठवतं. दारावर थाप पडली. आजोबा. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, वरच्या मजल्यावर ते आम्ही राहायला आल्यापासून कधी चढले नव्हते. धापा टाकत होते. नवऱ्यानं खुर्ची दिली. ते बसले, माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. नवरा चहा टाकायला गेला तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"आम्ही अटलांटिकवर होतो. युद्धाचं शेवटचं वर्ष नव्हे, त्याच्या आधीचं. धान्याच्या बोटीवर लाकडी फळ्यांचा डेक ठोकून तिला विमानवाहू केलेलं. काफिल्याच्या पुढेमागे उडायचं, पाणबुड्या हुडकायच्या. एक दिवस आम्ही दोन विमानं परत येत होतो. दुसऱ्याचं इंजिन बंद पडलं."

मी डोळे पुसत होते, ऐकत होते की नव्हते, सांगता येत नाही.

"पायलट चांगला होता. अलगद पाण्यावर उतरवलं त्यानं. वरच्या पंखात रबरी होडी असते, ती उघडली. तिघंही तिच्यात चढले. आम्ही एक फेरी मारली. त्यांनी हात केले. आमचं पेट्रोल संपत आलं होतं. आणि वायरलेस वापरायचा नाही असा हुकूम. पाणबुड्या ऐकत असायच्या, एका संदेशावरून अख्खा काफिला सापडला असता. मशीन माझ्या गुडघ्यावर होतं. मग आम्ही निघालो."

"मग?"

"पुढच्या दोघांचं तोंड पुढे होतं. त्यांना आपली बोट शोधायची होती. मागे बघणारा मी एकटा. ते तिघं हात हलवत होते, मीही हलवत होतो. थोड्या वेळानं त्यांनी थांबवलं. मग नुसते बसून आमच्याकडे बघत राहिले." आजोबांनी हात उचलून परत गुडघ्यावर ठेवला. "आमचं विमान फार हळू होतं ना, पायलट. ते दिसेनासे व्हायलाच खूप वेळ लागला."

नवरा चहाचे कप घेऊन दारात उभा राहिला होता.

"पोचल्यावर सांगितलं आम्ही. एक जहाज मागे पाठवलं. पण तोवर धुकं उतरलं होतं."

एवढं सांगून त्यांनी चहा घेतला, पूर्ण संपवला, आणि नवऱ्याचा हात धरून एकेक पायरी उतरत खाली गेले. त्यांनी माझं सांत्वन केलं नव्हतं. पण लांबून, काहीही न करता येता, आपल्या माणसाला लहान लहान होत जाताना बघणं म्हणजे काय, ते मला कुणाला समजावून सांगायची गरज आता राहिली नव्हती. खालच्या मजल्यावर एकाला ते माहीत होतं.

दहाव्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो. आमच्याकडे एक डॉक्टरकाका होते, मूळचे नागपूरचे, हाडांचे डॉक्टर म्हणून रिटायर झालेले. गावातल्या मराठी घरांत सत्यनारायण, वास्तुशांत, सगळं तेच सांगायचे. मी त्यांना विचारलं, भाऊ तिकडे सगळं करतोय, मी इथे काही केलं तर चालेल का.

"हे बघ बाई," काका म्हणाले, "शास्त्र मला पुस्तकाइतकंच येतं. पण तीळ आणि पाणी द्यायला तुला कोण अडवणार आहे? चल, मी येतो."

आजोबांनाही बरोबर घेतलं. ते नेहमीच्या सीटवर, डॉक्टरकाका मधे, दोघांच्या पाठीला पाठ. तळ्याच्या काठी मी ओंजळीतून तीळ आणि पाणी सोडलं, वडिलांचं नाव घेतलं. काका म्हणाले, "अजून कोणाला द्यायचं असेल तर दे. ज्यांना कुणी दिलेलं नसतं त्यांच्यासाठीही देतात."

हे मी आजोबांना इंग्रजीत सांगितलं. सहज, काय चाललंय ते कळावं म्हणून. ते काठी टेकत पुढे आले.

"धर्म लागतो का याला?"

"नो, नो," काका म्हणाले. "ओन्ली नेम."

काकांनी त्यांच्या ओंजळीत तीळ घातले, मी पाणी घातलं. आजोबांनी त्या होडीतल्या पायलटचं नाव घेतलं, पाणी सोडलं. दिशा सांगणाऱ्याचं नाव घेतलं, पाणी सोडलं. तिसऱ्यांदा ओंजळ भरली आणि ते तसेच उभे राहिले. पाणी बोटांतून गळून गेलं. मी पुन्हा घातलं. तेही गेलं.

"डॉट," ते म्हणाले. "आम्ही त्याला डॉट म्हणायचो. मोर्समधलं टिंब. फार बुटका होता म्हणून. त्याचंही माझंच काम, वायरलेस, गन. आम्ही एकत्र शिकलो. त्याची झोपायची जागा माझ्या खाली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याचं नाव काय होतं?"

जणू मला माहीत असावं.

काका हळूच म्हणाले, "डॉट म्हटलं तरी पोचेल, सांग त्यांना."

मी सांगितलं. आजोबांनी मान हलवली. "नाही. मेल्यावरही टिंबच? नाही." आणि हात पुसून गाडीकडे चालू लागले.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अगं, नेटवर सर्च केलं तर पाच मिनिटांत मिळेल. युद्धात गेलेल्या सगळ्यांची नावं असतात." मी दुसऱ्या दिवशी आजोबांना तसं म्हटलं. ते इतके रागावलेले मी कधीच पाहिले नव्हते.

"तिकडे स्मारकाच्या दगडावरही कोरलेलं आहे. मला माहीत आहे. दगडाला त्याचं नाव आठवतं याचं मला काय कौतुक! मला आठवलं पाहिजे."

मग तो उन्हाळा आणि पुढची सगळी पानगळ त्यांची त्यात गेली. नळीतून आता मागच्या ट्रकांची बातमी येईना. नावं यायची. "विल्यम? नाही. जॉर्ज आमचा स्वयंपाकी होता." मी गाडी चालवत "नसेल, नसेल" म्हणत राहायची. घरीही जिन्याच्या तळाशी येऊन एखादं नाव पुटपुटायचे आणि परत जायचे. मुलीच्या फोनवर हवामानही नीट बोलेनात. तिनं एकदा मला फोन करून विचारलं, "डॅडची मेमरी जातेय का?" मी म्हटलं, "नाही, ते काहीतरी आठवतायत." तिला ते विचित्र वाटलं असणार.

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा गुरुवार. दुकानात तुफान गर्दी. आजोबा ट्रॉलीचा आधार घेऊन चालत होते, मी कोबी निवडत होते. मागे वळून बघते तर ते भोपळ्यांच्या ढिगाशी उभे, एक हात हवेत.

"रॉडरिक," ते म्हणाले.

लोक वळून बघायला लागले. मी कोबी टाकून धावले.

"रॉडरिक! पायलट, रॉडरिक! त्याच्या आईची पत्रं यायची, पाकिटावर असायचं. डॉट म्हटलं की हसायचा, पण पत्र आलं की कॉलर नीट करायचा." ते माझा दंड घट्ट धरून होते. "म्हण बघू. तू म्हण."

"रॉडरिक," मी म्हटलं. माझ्या तोंडात मराठी र. दोन्ही ठसठशीत, जीभ वाजवून.

आजोबांचा चेहरा एकदम पालटला. "असंच," ते म्हणाले. "अगदी असंच. स्कॉटलंडचा होता तो. तो स्वतः असंच म्हणायचा. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. त्या गर्दीत, लोक ट्रॉल्या वळवून आमच्या बाजूनं जात असताना, मी ते नाव बऱ्याचदा म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत होते. गाल ओले झाले होते आणि पुसायचं भान नव्हतं. मग म्हणाले, "बस. चल आता, कोबी घे."

परत येताना नळीतून काहीच आवाज आला नाही. घराशी गाडी लावून मागे गेले तर ते झोपले होते.

फेब्रुवारीत ते गेले. सकाळी पोर्चवरच, ओव्हरकोटात. मीच आधी पाहिलं. मुलगी बेलव्ह्यूहून आली. दमलेली, माझ्या आईच्या वयाची बाई. खालच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली आणि एकेकाला कळवत होती. चर्चमधले दोघं, ते काम करायचे त्या जुन्या कारखान्यातला एक, दूरचा एक भाचा. मी तिच्यासाठी चहा करून नेला होता. फोन लवकरच संपले. फोन बाजूला ठेवून ती मला म्हणाली,

"अजून कुणाला कळवायचं राहिलंय का? तुला ते जास्त सांगत असणार. आमच्याशी कधी बोलले नाहीत."



"नाही," मी म्हटलं. "आता कुणी उरलेलं नाही."